वेगवान गाडी बाहेरून कशी दिसते आणि आतून काय दिसतं?



आज आम्ही गाड्यांविषयी बोलणार आहोत, आणि त्यातही जोरात पळणाऱ्या गाड्यांविषयी. हा विषय आपला नाही असं म्हणून रेडिओ बंद करू नका. पनवेलमध्ये स्वतः गाडी चालवणाऱ्या बायका आता कितीतरी दिसतात. मुलांना क्लासला सोडायचं असतं, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असतं, कुणाला वाशीला कामावर जायचं असतं. तरी घरात नवी गाडी घ्यायची ठरली की आपल्याला रंग विचारतात आणि इंजिनाची माहिती घरातल्या पुरुषांना सांगतात. जी गाडी आपण रोज चालवणार, तिचा वेग आणि तिचं रूप आपल्यालाही कळायला हवं. म्हणून आज दोन गाड्या शेजारी ठेवून पाहू.

दोन्ही गाड्या चाकणला तयार होतात. पहिली फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी. ती २०२२ साली बाजारात आली आणि पेट्रोलवर चालते. दुसरी महिंद्राची बीई ६. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांसमोर आली आणि विजेवर चालते. आम्ही मैत्रिणींनी या दोन्ही चालवून पाहिल्या.

आधी रूप पाहू. व्हर्टस ही ठेंगणी, लांबट गाडी आहे. पुढे बॉनेट, मध्ये बसायची जागा, मागे डिकी, असे तिचे तीन सरळ भाग. लांबी ४,५६१ मिलिमीटर. बीई ६ तिच्यापेक्षा आखूड, ४,३७१ मिलिमीटर, पण उंच. तिचं छप्पर मागे उतरत जातं, अंगावर धारदार घड्या आहेत आणि पुढचे दिवे इंग्रजी सी अक्षरासारखे. आत चालवणाऱ्याभोवती एक पट्टी वळवून घेतली आहे, त्यामुळे लढाऊ विमानात बसल्यासारखं वाटतं. व्हर्टसचं आतलं काम त्यामानाने साधं, सवयीचं. सिग्नलला माना वळतात त्या बीई ६ कडे.

आता खरा मुद्दा. गाडीचं रूप फक्त बघणाऱ्यासाठी नसतं. छप्पर किती उतरवायचं, काच किती ठेवायची, हे ठरलं की चालवणाऱ्याला काय दिसणार तेही ठरतं. मागे उतरतं छप्पर असलं की मागची काच लहान होते. खिडक्यांची कड वर घेतली की मागे बसलेल्या मुलाला बाहेरचं कमी दिसतं. मग ती उणीव आरसे, कॅमेरा आणि पडदा भरून काढतात. कॅमेरा उपयोगी आहेच, पण आपल्याकडच्या पावसात त्याच्या भिंगावर चिखल उडतो. ते पुसायची सवय लावून घ्यावी लागते. ठेंगण्या गाडीचा प्रश्न वेगळा. मागचं चांगलं दिसतं, पण कळंबोलीला कंटेनरच्या मागे अडकलो की पुढचं काहीच दिसत नाही.

चढण्या-उतरण्याचंही तसंच. गुडघे दुखणाऱ्या आजींना ठेंगण्या गाडीतून उठताना हात द्यावा लागतो. उंच गाडीत बसणं सोपं, पण मागच्या दारात उतरत्या छपराखाली मान वाकवावी लागते. खड्ड्यांचा हिशेबही इथेच करू. रिकाम्या गाडीचं पोट रस्त्यापासून व्हर्टसमध्ये १७९ मिलिमीटरवर असतं आणि बीई ६ मध्ये २०७. तो दीड बोटाचा फरक मोठ्या गतिरोधकावर कळतो.

आता चालवण्याचं सांगतो. व्हर्टस जीटीचं इंजिन १५० अश्वशक्तीचं. पॅडल दाबलं की क्षणभर श्वास घेतल्यासारखं थांबतं आणि मग गाडी ओढ घेते. शून्यावरून १०० चा वेग गाठायला तिला साधारण ९ सेकंद लागतात. बीई ६ च्या मोठ्या बॅटरीच्या गाडीला २८६ अश्वशक्तीची मोटर आहे आणि कंपनीच्या सांगण्यानुसार तेच काम ती ६.७ सेकंदांत करते. विजेच्या मोटरचा पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, म्हणून पाठ सीटला टेकते.

पण आकड्यांपेक्षा मोठा फरक आवाजाचा आहे. पेट्रोलच्या गाडीत वेग कानाला कळतो. इंजिन ओरडलं की पाय आपोआप हलका होतो. विजेची गाडी शांतच असते. अटल सेतूसारख्या सरळ रस्त्यावर १०० कधी ओलांडले ते कळतच नाही, आणि तिथली कारची मर्यादाच १०० आहे. म्हणून विजेची गाडी चालवताना कानावर विसंबून चालत नाही, नजर अधूनमधून काट्याकडे, म्हणजे आता पडद्यावरच्या आकड्याकडे, न्यावीच लागते.

घाटात दोघींचे स्वभाव उघडे पडतात. व्हर्टसची पुढची चाकं गाडीला ओढतात. ती हलकी आणि ठेंगणी असल्यामुळे वळणावर कमी झुकते आणि स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो. बीई ६ ची मागची चाकं गाडीला ढकलतात. बॅटरीचं वजन तळाशी असल्यामुळे एवढी उंच गाडीही वळणावर बसून चालते, पण एकूण वजन जास्त आहे हे ब्रेक दाबताना विसरू नये.

लोणावळ्याहून खाली उतरताना व्हर्टस खालच्या गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे इंजिनच तिला धरून ठेवतं. विजेच्या गाडीत पॅडलवरून पाय उचलला की मोटर उलटं काम करते, गाडी धरते आणि बॅटरीत थोडी वीजही परत जाते. मात्र एक ध्यानात ठेवा. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर वीज परत घ्यायला जागाच नसते आणि ही धरण्याची ताकद कमी होते. लोणावळ्यात चार्ज करून लगेच घाट उतरायचा असेल तर बॅटरी शंभर टक्के भरू नये.

सुरक्षिततेच्या चाचणीत दोन्ही गाड्यांना ५ तारे आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण समोरून धडकेची ती चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते, या हिशेबाने १०० च्या वेगाची धडक चाचणीतल्या धडकेच्या जवळजवळ अडीचपट असते. १०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. मागच्या सीटवरच्या मुलाने हाक मारली आणि आपण वळून पाहिलं, एवढ्यात पाच-सहा गाड्यांच्या लांबीचं अंतर मागे पडलेलं असतं. तारे मोजून वेग वाढवायचा नसतो.

तर गाडी पाहायला जाल तेव्हा मागच्या सीटवर बसून परत येऊ नका. चालवणाऱ्याच्या जागेवर बसा. रोज घालता तीच चप्पल, तीच साडी किंवा ओढणी असू द्या. पाय पॅडलपर्यंत पूर्ण पोचतात का पाहा. पोचावेत म्हणून आपण सीट पुढे ओढतो आणि छाती स्टिअरिंगच्या फार जवळ जाते. मधे एक वीत आणि वर दोन बोटं, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर अंतर हवंच, कारण एअरबॅग तिथूनच जोरात उघडते. मग मागे वळून पाहा, काचेतून काय दिसतं. विक्रेत्याला म्हणावं, गाडी मोकळ्या रस्त्यावर नको, जुन्या पनवेलच्या बाजारातून घेऊया, नंतर एखाद्या पुलाच्या चढावर थांबवून पुन्हा सुरू करूया.

आमचं विचाराल तर वळणांचा आनंद व्हर्टसमध्ये जास्त आला. गर्दीतला निवांतपणा आणि एका दाबात मिळणारा जोर बीई ६ मध्ये. तुमची निवड वेगळी असू शकेल. ती तुम्ही स्वतः चालवून केलेली असावी, एवढंच आमचं सांगणं.

सीटबेल्ट लावा, मागे बसणाऱ्यांनाही लावायला सांगा. नमस्कार.