जुन्या मोटारीची तपासणी : प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष



१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्ली येथे पहिल्या मारुती ८०० मोटारीच्या किल्ल्या तिच्या मालकाच्या हाती देण्यात आल्या. मागचे दार वर उचलून उघडणारी, तीन सिलिंडरांची आणि ७९६ घन सेंटिमीटर इंजिनाची ही लहानशी गाडी जानेवारी २०१४ पर्यंत तयार होत राहिली. देशात तिची विक्री पंचवीस लाखांच्या वर गेली. ज्या वर्गाची धाव स्कूटरपर्यंतच होती, त्याच्या दाराशी मोटार प्रथम उभी राहिली ती याच रूपात. आज या गाड्या पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे असतात. शहरातून तालुक्याला आणि तालुक्यातून वाडीवस्तीवर त्या पोहोचल्या आहेत. साहजिकच जुन्या मोटारीच्या तपासणीचा प्रश्न केवळ मुंबई-पुण्यापुरता उरलेला नाही.

या बाबतीत कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ अन्वये खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर गाडी परिवहन कार्यालयात तपासणीसाठी न्यावी लागते व ती योग्य आढळल्यास नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. यालाच लोक ‘पासिंग’ म्हणतात. मालवाहू अथवा प्रवासी वाहतुकीच्या वाहनास मात्र आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे एकाच गावातील दहा वर्षांचा टेम्पो दरवर्षी निरीक्षकासमोर उभा राहतो आणि त्याच्या शेजारची वीस वर्षांची खाजगी मोटार एकदा पास झाली की पंचविसाव्या वर्षापर्यंत कोणी पाहत नाही. खाजगी गाडी कमी फिरते, हे खरे. परंतु गंज गाडीच्या फिरण्याची वाट पाहत नाही.

निरीक्षक चासी व इंजिन क्रमांक ताडून पाहतो. दिवे, कर्णा, वायपर, स्टिअरिंग, टायर यांची पाहणी करतो आणि ब्रेक लावून बघतो. हे सारे आवश्यकच आहे. तथापि या तपासणीतून त्या दिवशीची, त्या सपाट जागेवरची आणि बहुधा रिकाम्या गाडीची स्थिती कळते, याचे भान मालकाने ठेवले पाहिजे.

ब्रेकचेच उदाहरण घेता येईल. ब्रेकमधील तेल हवेतील ओलावा शोषून घेते. वर्षानुवर्षे ते बदलले नाही, तर त्याचा उत्कलनबिंदू बराच खाली येतो. कार्यालयाच्या आवारात एकदोनदा ब्रेक दाबल्याने ते तापत नाही; गाडी निर्वेधपणे पास होते. तीच गाडी चार-पाच माणसे व सामान घेऊन आंबा घाट किंवा वरंधा घाट उतरू लागली, चालकाने खालच्या गिअरऐवजी सतत ब्रेकवर पाय ठेवला, की तेलातील पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. पॅडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. मारुती ८०० चे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणजे चार-पाच माणसे बसली की त्यात जवळजवळ निम्म्याची भर पडते, ही गोष्टही विसरता येत नाही.

दुसरा दोष गंजाचा. या गाडीला जीपप्रमाणे वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. कोकणातील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे दाराखालच्या पट्ट्या, तळाचा पत्रा आणि सस्पेन्शन ज्या ठिकाणी अंगाला जोडलेले असते ती जागा आतून पोखरते. वरून लांबी भरून रंग मारला की डोळ्याला काही दिसत नाही. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेऊन खालून पाहिल्याशिवाय, संशयित जागी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिल्याशिवाय हा दोष सापडत नाही. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांनाही हाच न्याय लागू आहे.

टायरच्या खाचांची खोली मोटारीच्या बाबतीत किमान १.६ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. ती मोजता येते. परंतु पडवीत उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरच्या खाचा शाबूत असतात आणि रबर मात्र जुने होऊन तडकते. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ असे असल्यास तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील होय. आणि काही महाभाग तपासणीपुरते मित्राचे टायर बसवून आणतात, हेही येथे सांगावयास हवे. अशा गाडीच्या बाबतीत तपासणी झाली ती मित्राच्या टायरांची!

मग तपासणीवर विसंबायचे किती? केवळ डोळ्यांनी व हाताने केलेल्या तपासणीत माणसागणिक निर्णय बदलू शकतो. गर्दीच्या दिवशी तर अधिकच. ही उणीव ओळखून पावले टाकण्यात आली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ब्रेकच्या चाचणीसाठी परिवहन कार्यालयांकडे २५० मीटर लांबीचा मार्ग असला पाहिजे, असा आग्रह धरला. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्वयंचलित तपासणी केंद्रांची तरतूद झाली. अशा केंद्रात चाके रोलरवर ठेवून प्रत्येक चाकाची ब्रेकशक्ती यंत्राने मोजतात, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूंतील फरक आकड्यांत दिसतो. केंद्रचालकाला दुरुस्तीचा किंवा सुट्या भागांचा व्यवसाय तेथे करता येत नाही, ही अट विशेष शहाणपणाची आहे. असे असले तरी तेलातील पाणी आणि लांबीखालचा गंज रोलरलाही दिसत नाही.

ब्रिटनने ही वाट आधी चालली आहे. तेथे १९६० साली दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ब्रेक, स्टिअरिंग व दिवे यांची तपासणी सुरू झाली. नापास होणाऱ्यांचे प्रमाण इतके निघाले की १९६१ साली ही मर्यादा सात वर्षांवर आणि १९६७ साली तीन वर्षांवर आणावी लागली. तेव्हापासून तीन वर्षांपुढील मोटार तेथे दरवर्षी तपासली जाते. नापास करण्याइतके गंभीर नसलेले दोषही लिहून दिले जातात आणि नोंदणी क्रमांकावरून पूर्वीचे निकाल कोणालाही पाहता येतात. जुनी गाडी घेणाऱ्याला याचा उपयोग किती, हे सांगावयास नको.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाने खाजगी गाडीचे आयुष्य तपासणीच्या निकालाशी जोडले. निकाल चुकीचा लागला तर नुकसान दोन्हीकडे आहे : नीट राखलेली गाडी एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकाच्या हातून जाईल, किंवा पोखरलेली गाडी आणखी पाच वर्षे रस्त्यावर राहील. नापास ठरल्यास दोष कोणता व किती, हे लेखी मागून घेणे मालकाच्या हिताचे आहे.

पुढची पाच वर्षे गाडीला पाहणारा कोणी नसतो, तेव्हा ते काम घरच्यांनीच करावयाचे. मृग लागण्यापूर्वी ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी रॅम्पवर चढवून तळ, नळ्या आणि रबरी होज पाहून घ्यावेत. ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे आणि त्याची तारीख बॉनेटच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावी. ज्या गावात अशा दहा-पंधरा गाड्या असतील, तेथे ग्रामपंचायतीने मे महिन्यात एक दिवस ठरवून मिस्त्रीला गावातच बोलावले, तर घाटापलीकडच्या तालुक्याला खेप घालावी लागणार नाही.