आईचा डबा आणि घराची रजिस्ट्री

(गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



मी रूळ, पूल आणि स्लीपर यांत आयुष्य गेलेला डिप्लोमा इंजिनियर. कर सल्लागार नव्हे. घर घेताना जे अनुभवले तेवढेच सांगतो.

२२ मे १९९७ ची पहाट आपल्यापैकी कोणी विसरलेले नसेल. भूकंपाने सगळे जबलपूर रस्त्यावर आले होते. आम्ही चौघेही अंगणात पोचलो आणि तेवढ्यात आई पुन्हा घरात पळाली. बाबा ओरडत राहिले. ती बाहेर आली तेव्हा छातीशी डालड्याचा डबा होता. आपल्या घरात पैसे आहेत हे मला त्या दिवशी प्रथम कळले!

फराळाच्या ऑर्डरी, ब्लाउजची शिलाई, महिन्याच्या खर्चातून वाचवलेले, सगळे त्या डब्यात जाई. क्वार्टर सुटले की स्वतःचे घर, एवढाच हेतू. बँकेत का नाही, असे विचारले तर म्हणायची, "बँकेत टाकले की घरातल्या सगळ्यांना कळते. मग उरतात होय?"

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि डबा उघडावाच लागला. १,६४,५०० रुपये निघाले. आईच्या नावाने पॅन काढले आणि पैसे तिच्याच खात्यात भरले. रात्रभर तिला झोप नव्हती, जणू चोरी पकडली गेली. वास्तविक गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याची जास्त चौकशी करू नये, असे धोरण आयकर विभागाने ठेवले होते. पुढे २०२१ मध्ये ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने भरलेल्या २,११,५०० रुपयांबाबत आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा पीठानेही तिच्या बाजूने निकाल दिला. अर्थात तो निकाल नोटाबंदीच्या काळातल्या भरण्यापुरताच होता, हे ध्यानात घ्यावे. आईने मात्र डबा धुऊन पुसून नव्याने भरायला सुरुवात केली.

२०२२ मध्ये नेपियर टाउनमध्ये एक जुने घर पसंत पडले. किंमत ३८ लाख. मालक गोड बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "गाइडलाइनप्रमाणे तीसची रजिस्ट्री करू, आठ हातात द्या. तुमचाही रजिस्ट्रीचा खर्च वाचेल." आईचे डोळे चमकले. "माझे दीड लाख आहेत ना, ते त्यातच घाल. याच दिवसासाठी तर ठेवले होते."

खरे सांगतो, मीही विरघळलो होतो. रात्री कागद घेऊन बसलो. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या फार तर ९० टक्के देते, आणि किंमत म्हणजे कागदावरची. तीसची रजिस्ट्री म्हणजे कर्ज २७ लाख. उरलेले तीन आणि वरचे आठ, असे अकरा लाख माझ्या खिशातून! अडतीसची रजिस्ट्री केली तर कर्ज तीस, खिशातून आठ. शिवाय पुढे घर विकले तर खरेदी तीसचीच धरणार आणि न झालेल्या नफ्यावर कर मी भरणार. रजिस्ट्रीत वाचलेले यात कधीच बुडाले.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सीएंनी आणखी सांगितले. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला १ जून २०१५ पासून बंदी आहे. इसारसुद्धा त्यात येतो. दंड घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेइतका. पण म्हणून देणारा सुटला असे नाही. ते आठ लाख कोठून आणले, हा प्रश्न त्याच्याकडेच येतो. आम्हा रेल्वेवाल्यांना तर नियमांप्रमाणे स्थावर घेण्याआधी खात्याला कळवावे लागते, किमतीसकट. मी तिथे तीस लिहायचे की अडतीस?

मालक काही ऐकेनात. सौदा मोडला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझे पैसे काय काळे आहेत?"

या प्रश्नाने मला हलवले. पैसा तिच्या घामाचा. पण तो मालकाच्या हातात गुपचूप गेला असता तर घरात तिने काय घातले याचा पुरावा कुठे राहिला असता? मी तिला हे समजावत होतो तेव्हा ती उठली आणि एक जुनी डायरी घेऊन आली. कोणत्या दिवाळीला किती किलो चकल्या, कोणाची शिलाई, किती जमा, किती काढले, सगळे तारखेनिशी! सीएंनी ती डायरी चाळली आणि म्हणाले, "वहिनी, हे सांभाळून ठेवा. विचारणा झालीच तर हेच कामी येईल."

मग १,४२,००० रुपये पॅन देऊन तिच्या खात्यात भरले. नोटाबंदीच्या वेळची ठेव मोडली. सगळे मिळून चेकने माझ्या खात्यात आले, सोबत आईने मुलाला दिलेली भेट म्हणून साधे पत्र. आईकडून मिळालेल्या भेटीवर मला कर नव्हता. रोखच हातात घेतले असते तर दोन लाखांची मर्यादा आडवी आली असती, कारण एका माणसाकडून एका दिवसात तेवढी किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७ पासून मनाई आहे.

घर शेवटी अधारतालला घेतले. एक खोली कमी, स्टेशनही लांब. रजिस्ट्रीत पहिले नाव आईचे. नेपियर टाउनवरून जाताना ती अजूनही रिक्षातून मान वळवून बघते. त्या घराच्या दारात पारिजात होता.