छावणीतले फोटो
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. हे काही भाषण नव्हे, पाहिले ते सांगते.

आपल्या तालुक्यातली कोरेगाव भीमाची लढाई १८१८ सालची. फोटोची कला जगापुढे आली १८३९ साली, तेव्हा त्या शिपायांचे फोटो कुठून असणार? क्रिमियाच्या लढाईचे मात्र आहेत. धाकटीने मला मोबाईलवर दाखवले. १८५५ साली रॉजर फेंटन नावाचा इंग्रज दारूच्या व्यापाऱ्याची जुनी गाडी घेऊन तिकडे गेला. गाडीतच अंधारी खोली. काचेवर धिरड्यासारखे औषध पसरायचे, ओले आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. उन्हाने गाडी तापली की काचा वाया! माणसांनी काही सेकंद हलायचे नाही, म्हणून धावपळीची लढाई त्यात नाहीच. तंबू, घोडे, गप्पा मारणारे साहेब आहेत. फौजेबरोबर राहून जवानांना खाणेपिणे पुरवणारी एक बाईही आहे. मला तोच फोटो आवडला.

त्याने साडेतीनशेवर फोटो काढले. छावणीत पटकीने माणसे मरत होती, त्यालाही ती झाली. पण मेलेला शिपाई एकाही फोटोत नाही.

माझा थोरला फौजेत आहे. हातात ताट, हसरा चेहरा, असे फोटो पाठवतो. परवा एक मोठा करून पाहिला, तर अंगठ्याला पट्टी. विचारले तर म्हणाला, "काही नाही गं आई." सूनबाईला मी अजून सांगितलेले नाही.