पांच आठवड्यांचें सामान

तीर्थयात्रेस निघालेल्या माणसाची वळकटी सारें घर हौसेनें बांधतें. शेजारीपाजारी निरोप द्यावयास येतात. परंतु दारूच्या किंवा अन्य अमली पदार्थाच्या व्यसनांतून सुटण्यासाठीं जो उपचारकेंद्रांत राहावयास निघतो, त्याची बॅग बहुधा दार लावून, दबल्या आवाजांत भरली जाते. ‘गांवीं गेले आहेत’ असें लोकांना सांगावयाचेंही ठरलेलें असतें. खरें पाहतां याच प्रवासाची तयारी सर्वांत विचारानें व्हावयास हवी.

पुण्याचें मुक्तांगण हें केंद्र १९८६ सालीं डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं सुरू केलें, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचें साह्य त्यास लाभलें. तेथील निवासी उपचार सुमारें पांच आठवड्यांचा असतो. तेवढ्या मुदतीस साधे, सैल सुती कपडे, पंचा, पांघरूण, चष्मा, वही व पेन्सिल एवढें पुष्कळ झालें. प्रत्येक केंद्राचे नियम निराळे असतात. म्हणून यादी अगोदर मागवून घ्यावी. मधुमेह, रक्तदाब इत्यादि विकारांवर चालू असलेलीं औषधें मूळ वेष्टणांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीं व पोहोंचतांच परिचारिकेच्या स्वाधीन करावीं.

काय नेऊं नये, हें अधिक महत्त्वाचें. अत्तर, दाढीनंतरचें लोशन, गुळण्यांचें औषध यांत पुष्कळदां मद्यार्क असतो. खोकल्याच्या कित्येक औषधांत अफूपासूनचें कोडीन असतें. धारदार पातीं, दागिने व जादा रोकड घरींच बरी. दाराशीं बॅग तपासली जाते, त्यांत अपमान मानूं नये. पहिल्या दिवसांत मनुष्याचा स्वतःवरच भरंवसा नसतो; ती तपासणी त्याच्याच बाजूनें उभी असते.

येथें एक धोका सांगितला पाहिजे. बॅग भरली, कीं ‘आतां थेंबही नाहीं’ अशी शपथ कित्येक घरांत घातली जाते. हेतु चांगला, पण परिणाम भयंकर होऊं शकतो. वर्षानुवर्षें रोज भरपूर पिणाऱ्यानें दारू एकाएकीं सोडली, तर दिवसाच्या आंतच हातांना कंप सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊं शकतात. आणि त्यानंतर एकदोन दिवसांत भ्रम व ज्वर होऊन प्राणावरही बेततें. म्हणून दारू केव्हां व कशी थांबवावी, हें डॉक्टरांनींच ठरवावें.

त्यांना तें ठरवितां यावें म्हणून एक वस्तु अवश्य न्यावी: खरा हिशेब. रोज किती, किती वर्षें, शेवटची केव्हां, सोबत आणखी काय, हें कागदावर लिहून घ्यावें. लाजेनें निम्मा आंकडा सांगणारा स्वतःच्याच औषधाची मात्रा चुकवितो. पतीनें कमी लिहिल्याचें पत्नीस ठाऊक असतें. तिनें त्या वेळीं गप्प राहूं नये.

बॅग मात्र जाणाऱ्यानें स्वतःच्या हातानें भरावी. घरच्यांनीं जवळ बसावें, घड्या घालून द्याव्या, उपदेश करूं नये. तो गेल्यावर त्यांच्याही वांट्यास एक काम उरतें: माळ्यावर, कपाटामागें, न्हाणीघरांत दडविलेल्या बाटल्या शोधून घर रिकामें करणें. पांच आठवड्यांनीं तीच बॅग दारांत परत येईल. ती जेथें उघडावयाची, ती जागा तेव्हां स्वच्छ असली पाहिजे.