मायक्रोकंट्रोलरमधले घटिकापात्र



कामगार संघटनेच्या माणसाने यंत्रातल्या टायमरवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. पण आमची सारी चळवळच वेळेच्या हिशेबावर उभी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. त्या काळी गिरणीचा भोंगा वेळ सांगे आणि भोंगा वाजविणारा माणूस साऱ्यांना ठाऊक असे. आज दारावरचे हजेरीयंत्र वेळ मोजते, मळ्यातल्या मोटारीची पेटीही मोजते, आणि मोजणारा काही दिसत नाही. तो आत बसून काय करतो, ते पाहू.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढ्या चकतीवर बसलेला, लेखी हुकुमाबाहेर बोटही न हलविणारा कारकून. त्याच्या शेजारी एक मोजणारा असतो, तोच टायमर. आपल्याकडे लग्नात घटिकापात्र मांडीत, ते वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. बुडाला बारीक भोक पाडलेली वाटी पाण्यावर सोडायची. पाणी चढत जाते, 24 मिनिटांनी वाटी बुडते. राखणारा खूण करतो, वाटी रिकामी करून पुन्हा सोडतो. टायमर हे असेच पात्र. फरक एवढाच, की त्यात पाण्याऐवजी स्फटिकाचे ठोके पडतात.

शाळेतली मुले आर्डुइनो नावाच्या पाटीवर प्रयोग करतात. तिच्यावरच्या एटीमेगा 328 या चिपला स्फटिक सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोके देतो. तिचे लहान पात्र 256 ठोक्यांचे. ते एका सेकंदात 62,500 वेळा भरून रिकामे होते. एवढ्या घाईचे मोजमाप आपल्या काय कामाचे? यावर तोड मोंढ्यातल्या हमालांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ते प्रत्येक पोत्याला रेघ ओढीत बसत नाहीत. दहा पोती उतरली की एक रेघ. टायमरमध्ये या कामाला प्रीस्केलर म्हणतात. 1,024 ठोक्यांना एक रेघ धरली, की सेकंदाला 15,625 रेघा होतात. मोठे पात्र 65,536 रेघांचे असते, ते भरायला चार सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो.

आता नेमका एक सेकंद हवा असेल तर पात्र भरण्याची वाट पाहायची नाही. गजराचा आकडा अगोदर लिहून ठेवायचा. मोजणी तेथे पोचली की कारकुनाला हाक जाते. तो हातातल्या कामावर खूण ठेवतो, हाकेचे काम उरकतो आणि खुणेपासून पुढे चालू लागतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाकेची सोय नसती तर बिचाऱ्याला दुसरे सारे टाकून एक, दोन, तीन म्हणत बसावे लागले असते. मात्र मोजणी शून्यापासून होते, म्हणून 15,625 रेघांसाठी आकडा 15,624 लिहावा लागतो. एका आकड्याची चूक झाली तर प्रत्येक सेकंद किंचित लांबतो, आणि वर्षात घड्याळ सुमारे साडेतेहतीस मिनिटे मागे पडते!

येथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या मळ्यात विजेची मोटार असेल. तीन फेजची वीज ठरावीक तास, पुष्कळदा रात्री येते. थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत उठायला नको म्हणून स्टार्टर ‘ऑटो’वर ठेवतात. वीज येताच एका डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. सगळ्यांचा ओढा एकाच क्षणी पडला की डीपी जळते, आणि उभे पीक वाळताना पाहत बसावे लागते. ‘ऑटो’ काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण सांगत आले आहे. पण रात्री बांधावर जायचे कोणी, हा प्रश्न उरतोच. येथे पेटीतला टायमर उपयोगी पडतो. वीस मोटारी असतील तर पहिलीने पाच सेकंद थांबावे, दुसरीने दहा, तिसरीने पंधरा. शेवटची शंभराव्या सेकंदाला सुरू होईल. पण दुकानातून आणलेल्या वीसही पेट्यांत दहाचाच आकडा असला, तर वीसही मोटारी दहा सेकंद थांबून पुन्हा एकदमच उठतील. हे आकडे वाटून घ्यायला वीस शेतकऱ्यांनी एका झाडाखाली बसावे लागते. चिप ते काम करीत नाही. आम्हांला विचाराल तर ही बैठक पेटीच्या किमतीहून मोलाची आहे.

राहता राहिला स्फटिक. तो बाहेरून जोडावा लागतो. पैसे वाचवायचे तर चिपमध्येच एक साधी ठोके देणारी जोडणी असते. पण याच चिपमध्ये कारखान्यातून येताना तिच्यात दहा टक्क्यांपर्यंत फरक धरलेला असतो. मोटार थांबविण्यास दहाऐवजी अकरा सेकंद चालतील. पाळी मोजण्यास ते चालत नाही: आठ तासांत एक टक्का म्हणजे 4 मिनिटे 48 सेकंद, दहा टक्के म्हणजे 48 मिनिटे. साधा स्फटिक दहा लाखांत फार तर पन्नास ठोके चुकतो, म्हणजे आठवड्याला अर्धे मिनिट.

जे हजेरीयंत्र इंटरनेटशी जोडलेले नाही, त्याची परीक्षा कोणालाही घेता येईल. सोमवारी सकाळी मोबाइलवरची वेळ आणि यंत्रावरची वेळ शेजारी शेजारी लिहा. पुढल्या सोमवारी त्याच वेळी पुन्हा लिहा. मध्यंतरी कोणी काटे हलविले नाहीत ना, ते पाहा. फरक अर्ध्या मिनिटाहून पुष्कळ अधिक निघाला, तर तारीख घालून दोघांच्या सह्या घ्या आणि कागद जपून ठेवा.