नाव भागीदाराचे, जोखीम एकट्याची
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या समारंभात बक्षिसे आणि गाणी यांच्याबरोबर थोडा वेळ विचारासाठी राखून ठेवण्याची आपल्या मंडळाची चाल आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो घरोघरी जेवण आणि वाणसामान पोचविणाऱ्या मुलांचा. विषय नवा वाटेल, पण परका नाही. पाठीवर मोठी पिशवी घेऊन जिने चढणारी ही मुले पालघर-बोईसरला आपण रोज पाहतो. त्यांच्यात कोणी आपल्या शेजारणीचा मुलगा असतो. कोणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडचे काम सुटले म्हणून इकडे वळलेला असतो. तेव्हा हा आपल्या घरचाच प्रश्न आहे.

आपल्यात म्हण आहे, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. या धंद्यात अशा सोनूबाई पुष्कळ भेटतात. कंपनी या मुलाला नोकर म्हणत नाही. 'डिलिव्हरी पार्टनर' म्हणते. पार्टनर म्हणजे भागीदार! भागीदारी म्हटली की नफ्यात वाटा आला, हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क आला, दर ठरविताना आपले मत आले. यांतले याच्या पदरात काय पडते? गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, मोबाईल त्याचा, पंक्चर काढण्याचा खर्चही त्याचाच. फेरीचा दर मात्र कंपनी ठरविते. कोणाला किती काम द्यावयाचे तेही तीच ठरविते. गिऱ्हाइकांनी तारे कमी दिले तर कमाईवर परिणाम होतो, आणि एखाद्या सकाळी आयडीच बंद झालेली आढळते. धन्याचे सारे अधिकार हवेत, फक्त धनी हे नाव नको, असा हा प्रकार आहे.

हा नावाचा खेळ फुकाचा नाही, भगिनींनो. एखाद्याला नोकर म्हटले की किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा, कामावरच्या अपघाताची भरपाई या गोष्टी मागोमाग येतात. पार्टनर म्हटले की त्या दाराबाहेरच राहतात. काम मिळाले, वेळही आपल्या सोयीची मिळाली, असे काही मुले म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण पावसाळ्यात बोईसर-चिल्हार रस्त्यावर टँकर आणि ट्रक यांच्या गर्दीत एखादा मुलगा घसरून पडला आणि पाय मोडून तीन महिने घरी बसला, तर त्याच्या आईने कोणाच्या दारी जावे? कंपनी म्हणणार, तो आमचा नोकर नाही. हॉटेलवाला म्हणणार, मी त्याला ओळखत नाही. आणि घरच्या वापरासाठी उतरविलेला दुचाकीचा विमा धंद्याच्या वापराला पुष्कळदा लागू पडत नाही.

आता आपल्या, म्हणजे गिऱ्हाइकांच्या बाजूने पाहू. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते, आम्ही तुमच्या दारी आणून देतो. वस्तू नासकी निघाली की बारीक अक्षरांतल्या अटी पुढे येतात, आम्ही केवळ मध्यस्थ. विकणारा वेगळा, आणणारा वेगळा. जाहिरातीत 'आम्ही' आणि तक्रारीत 'ते'! यालाच आपण नामानिराळे राहणे म्हणतो. 'दहा मिनिटांत घरपोच' हा असाच एक शब्द. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणी केल्यावर ब्लिंकिटने हा दावा आपल्या जाहिरातींतून काढला. चांगले झाले. पण पाटीवरचा शब्द पुसला तरी फेरीमागे पैसे ही रीत राहतेच, आणि पोटासाठी धावणाऱ्याची घाई पाटी पुसून जात नाही.

ही युक्ती काही मोबाईलबरोबर जन्मलेली नाही. मिठागरे आपल्या किनाऱ्याला ओळखीची आहेत. सौराष्ट्रातील एका मिठाच्या कारखान्याने आपले आगरिया लोक नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार आहेत, असे सांगितले होते. आगरियांना पैसे मिठाच्या वजनावर मिळत, कामाचे तास ठरलेले नसत आणि मदतीला माणसेही ते स्वतःच आणीत. तरी १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारच ठरविले. कारण काम कसे करावयाचे यावर ताबा कंपनीचा होता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांविषयी असाच निकाल दिला. करारात काय लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे, हे त्याचे सार.

आपल्या महाराष्ट्राने तर यावर एक वाटही काढून दाखविली आहे. माथाडी कामगार आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या, असे ओझी वाहत. त्यांचा एक धनी कोण, हे सांगता येत नसे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली ते संघटित झाले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. कामगारांची आणि मालकांची नोंदणी मंडळात झाली, मजुरीवर लेव्ही बसली, आणि त्यातून निधी, रजा, औषधपाणी यांची सोय झाली. धनी अनेक असले तरी जबाबदारी गोळा करता येते, हा त्यातला धडा.

केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात या मुलांचा प्रथमच उल्लेख आला. त्यांच्या कल्याणनिधीसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, मात्र ती या कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद आहे. तरीही संहिता त्यांना नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेरचेच मानते. म्हणजे ताटात काही पडले. पण पंगतीत बसण्याचा मान अजून मिळालेला नाही.

मग आपण काय करावे? माझ्या चार सूचना आहेत. पहिली, आपल्या ओळखीतील प्रत्येक मुलाची ई-श्रम नोंदणी झाली आहे की नाही ते विचारावे. त्यासाठी आधार कार्ड लागते, आणि मंडळाच्या खोलीत एक दिवस बसून हे काम सहज करता येईल. दुसरी, कंपनीने अपघातविमा दिला असल्यास तो केवढा, आणि फेरीवर असतानाचाच की घरी परततानाचाही, हे त्याच्या घरच्यांनी वाचून ठेवावे. विम्याचा कागद मोबाईलमध्ये न ठेवता छापून कपाटात ठेवावा. मोबाईल त्याच्याबरोबरच फुटतो. तिसरी, वस्तू वाईट निघाली तर राग त्या मुलावर काढू नये. तो तर जिना चढून आला आहे. तक्रार कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे करावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यावयाची असते आणि महिन्याच्या आत निवारण करावयाचे असते. तेथे दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. चौथी, पाऊस कोसळत असताना पाच मिनिटे उशीर झाला म्हणून एक तारा देऊ नये. आपल्याला तो खेळ वाटतो. त्याच्या घरी तो हिशेबात येतो.

आपण बायका बाजारात मेथीची जुडी घेतानाही आत हात घालून पाहतो. वरच्या हिरव्या पानांना भुलत नाही. गोड शब्दांच्या बाबतीतही तीच सवय ठेवू या. कोणी भागीदार म्हटले की वाटा विचारावा. कोणी 'आम्ही' म्हटले की जबाबदारी विचारावी.

एवढे बोलून, आणि नोंदणीच्या दिवसाची तारीख आजच ठरवावी अशी अध्यक्षबाईंना विनंती करून, मी आपली रजा घेते.