अवयवाचा स्वीकार आणि शरीराचा नकार



अवयवदानाचा विषय निघाला की साऱ्यांच्या दृष्टीसमोर दाता उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. आई मुलाला मूत्रपिंड देते, पिता बाळाला आपल्या यकृताचा भाग देतो, एखादे कुटुंब ऐन शोकाच्या घडीला मृत नातलगाचे अवयव अनोळखी रुग्णांना देते. परंतु या दानाच्या कथेत आणखी एक पात्र असते, ते म्हणजे घेणाऱ्याचे शरीर. रुग्णाचे मन कृतज्ञतेने भरून आलेले असते, आणि त्याच वेळी त्याचे शरीर ते दान परतवून लावण्यासाठी कंबर कसून उभे असते. रुग्णालयात यालाच ‘रिजेक्शन’ म्हणतात. हा नकार का येतो, शास्त्रज्ञांनी त्याची समजूत कशी काढली आणि आजही कोणते काम अपुरे आहे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

शरीरातील प्रतिकारशक्ती ही पेढीवरील जुन्या, विश्वासू पहारेकऱ्यासारखी असते. रक्तातील पांढऱ्या पेशी अहोरात्र गस्त घालतात. प्रत्येक मनुष्याच्या पेशींवर काही विशिष्ट प्रथिनांच्या खुणा असतात. त्यांना ‘एच.एल.ए.’ असे नाव असून त्यांचा पहिला शोध फ्रान्सचे डॉ. झाँ दोसे यांनी १९५८ साली लावला. आपली खूण दिसली तर पहारेकरी वाट देतो, परकी दिसली तर हल्ला करतो. ती खूण रोगजंतूची आहे की सख्ख्या बहिणीने प्रेमाने दिलेल्या मूत्रपिंडाची, हे त्याला कळत नाही. या खुणांचा अर्धा वाटा आईकडून आणि अर्धा वडिलांकडून येतो. म्हणूनच दोन सख्ख्या भावंडांच्या खुणा पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते.

हा नकार प्रतिकारशक्तीचाच आहे, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्पष्ट झाले. भाजलेल्या रुग्णांवर उपचार शोधण्यासाठी पीटर मेडावार हे तरुण प्राणिशास्त्रज्ञ ग्लासगो येथे शल्यचिकित्सक टॉमस गिब्सन यांच्यासमवेत काम करीत होते. एका भाजलेल्या स्त्रीच्या अंगावर तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे बसविण्यात आले. ते काही दिवसांनी गळून पडले. त्याच भावाचे तुकडे पुन्हा बसविले, तेव्हा ते पहिल्यापेक्षा लवकर गळाले. दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, तसे शरीराने पहिला अनुभव ध्यानात ठेवला होता. १९४३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे १९५३ साली मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भावर प्रयोग करून दाखविले, की जन्मापूर्वीच परक्या पेशींची ओळख झाली, तर शरीर त्यांना आयुष्यभर आपलेच मानते. या कार्याबद्दल मेडावार यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पहिले चिरस्थायी यश मात्र पहारेकऱ्याला हात न लावता मिळाले. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका तरुणाला त्याच्या जुळ्या भावाचे मूत्रपिंड बसविले. हे भाऊ एकाच बीजापासून जन्मलेले होते. याची खात्री करण्यासाठी आधी एकाची त्वचा दुसऱ्याला लावून पाहिली होती आणि ती टिकली होती. रुग्णाला आणखी आठ वर्षांचे आयुष्य लाभले. परंतु असा जुळा भाऊ कितीजणांना असतो? इतरांसाठी प्रतिकारशक्ती मोडून काढण्याचा प्रयत्न झाला. संपूर्ण शरीरावर क्ष-किरणांचा मारा करण्यात आला. त्यात ओल्याबरोबर सुकेही जळाले. पहारेकरीच उरला नाही आणि अनेक रुग्ण जंतुसंसर्गाने दगावले.

या अनुभवातून धडा मिळाला, की पहारेकऱ्याला मारून भागणार नाही, त्याला आवरावे लागेल. १९६२ साली अझाथायोप्रिन या औषधाच्या साहाय्याने डॉ. मरे यांनी मृत दात्याचे मूत्रपिंड यशस्वीरीत्या बसविले. अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. टॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली त्याला स्टेरॉइडची जोड दिली आणि सुरू झालेला नकारही परतविता येतो, हे दाखवून दिले. त्याच वर्षी त्यांनी यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. रुग्ण वाचला नाही. अनेक अपयशे पचविल्यावर १९६७ साली त्यांनी यकृत बसविलेला रुग्ण वर्षाहून अधिक काळ जगला.

भारतातही प्रयत्नांना याच सुमारास आरंभ झाला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९६५ साली मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला. तो रुग्ण वाचू शकला नाही. १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसविण्यात यश आले.

काही रुग्णांच्या बाबतीत एक भयंकर प्रकार घडत असे. नवे मूत्रपिंड जोडून रक्त सुरू करताच ते काही मिनिटांत, काही तासांत काळवंडून निकामी होई. याचे कारण रक्तात आधीच तयार असलेल्या प्रतिपिंडांत दडलेले होते. पूर्वी रक्त चढविल्यामुळे, गर्भारपणामुळे किंवा आधीच्या प्रत्यारोपणामुळे परक्या खुणांविरुद्धची ही शस्त्रे शरीराने घडवून ठेवलेली असतात. पटेल आणि तेरासाकी या संशोधकांनी १९६९ साली याचा हिशेब मांडला. दात्याच्या पेशी आणि रुग्णाच्या रक्तातील द्रव एकत्र करून पाहण्याच्या ‘क्रॉसमॅच’ चाचणीत विरोध दिसलेल्या ३० प्रत्यारोपणांपैकी २४ तत्काळ फसली होती. विरोध न दिसलेल्या १९५ पैकी अवघी ८. आज ही चाचणी केल्याविना सहसा मूत्रपिंड बसवीत नाहीत. दाता घरात तयार असूनही डॉक्टर ‘थांबा’ म्हणतात, त्यामागे हा अनुभव असतो.

यानंतरचा मोठा टप्पा मातीतून आला, हे नवल आहे. नॉर्वेच्या पठारावरील मातीत सापडलेल्या एका बुरशीतून स्वित्झर्लंडच्या सँडोज कंपनीला सायक्लोस्पोरिन मिळाले. झाँ-फ्रान्स्वा बोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७२ साली तिचा गुण उमगला. नकाराचे नेतृत्व करणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच ते नेमके आवरते. १९७८ साली केंब्रिजच्या डॉ. रॉय काल्न यांनी ते रुग्णांना दिले. १९८४ साली जपानमधील त्सुकुबा परिसराच्या मातीतून टॅक्रोलिमस मिळाले. आज मूत्रपिंड आणि यकृत या दोन्ही प्रत्यारोपणांत त्याचाच मुख्य आधार आहे. तिसरे औषध सिरोलिमस. त्याचे मूळ प्रशांत महासागरातील ईस्टर बेटाच्या मातीत आहे. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल कॅनडात त्यावर संशोधन करीत होते. कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा त्यांनी तो जीवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. १९९९ साली त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. एका माणसाच्या चिकाटीने ते वाचले.

यकृताचा स्वभाव या बाबतीत वेगळा आहे. १९६९ साली काल्न यांनी डुकरांवरील प्रयोगांतून दाखविले, की परके यकृत कित्येकदा औषधांविना टिकते, इतकेच नव्हे तर त्याच दात्याच्या अन्य अवयवांनाही ते अभय मिळवून देते. १९९२ साली स्टार्झल यांना दीर्घकाळ जगलेल्या रुग्णांच्या शरीरात दात्याच्या पेशी सर्वत्र मिसळलेल्या आढळल्या. पाहुणा आणि यजमान वर्षानुवर्षे एकत्र नांदत होते. यकृत बसविलेल्या काही निवडक रुग्णांची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद करता येतात, ती याचमुळे. मात्र असे रुग्ण आधी ओळखण्याची खात्रीची चाचणी अजून हाती आलेली नाही.

मूत्रपिंडाच्या बाबतीतही असाच सलोखा साधण्याचे प्रयत्न चालू आहेत. बोस्टनच्या संशोधकांनी मूत्रपिंडासोबत त्याच दात्याचा अस्थिमज्जा देऊन पाहिला. २००८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार पाचपैकी चार रुग्णांची औषधे बंद करता आली, एकाचे मूत्रपिंड मात्र गेले. अहमदाबाद येथे डॉ. हरगोविंद त्रिवेदी यांनीही २०१९ साली निधन होईपर्यंत दात्याच्या मूलपेशींच्या आधारे याच दिशेने आयुष्यभर परिश्रम घेतले. हा मार्ग आशेचा आहे, परंतु सर्वसामान्य रुग्णासाठी तो अद्याप खुला झालेला नाही.

म्हणून आजचे वास्तव साधे आणि कठोर आहे. शस्त्रक्रिया काही तासांची असते, गोळ्या जन्मभराच्या असतात. या गोळ्या पहारेकऱ्याला आवरतात, म्हणून जंतुसंसर्गाची आणि काही प्रकारच्या कर्करोगांची भीती वाढते. मूत्रपिंड वाचविणारे टॅक्रोलिमस जास्त झाले तर मूत्रपिंडालाच अपाय करते, कमी पडले तर नकार डोके वर काढतो. यासाठी रक्तातील प्रमाण वरचेवर तपासावे लागते. नकाराच्या आरंभी बहुधा काहीच दुखत नाही. केवळ रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन किंवा यकृताचे आकडे वाढलेले दिसतात. रुग्णाला ठणठणीत वाटत असते, आणि घात नेमका तेथेच होतो. ‘आता बरे आहे, दोन दिवस गोळी राहिली तर काय बिघडले?’ असे मनात येते. पहारेकरी मात्र काही विसरलेला नसतो. तरुण मुलांच्या बाबतीत ही चूक अधिक आढळते. वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेतलेली ‘प्रतिकारशक्ती वाढविणारी’ चूर्णे आणि काढे हाही पहारेकऱ्याला चिथावण्याचाच प्रकार ठरू शकतो. उपवासाच्या दिवशीही या गोळ्यांची वेळ चुकवू नये आणि निर्जळ उपवास तर डॉक्टरांना विचारल्यावाचून करूच नये.

येथे समाजाचेही एक कर्तव्य येते. शस्त्रक्रियेच्या वेळी मदतीचा ओघ येतो. रुग्ण घरी परतला की तो आटतो. पाचव्या वर्षी दुकान बसले, नोकरी गेली, तर कुटुंब प्रथम ज्या खर्चाला कात्री लावते त्यात औषधांचा खर्च असतो. मग आईने दिलेले मूत्रपिंड पैशांअभावी गमवावे लागते आणि तो मनुष्य पुन्हा डायलिसिसच्या यंत्राकडे जातो. तेव्हा ज्यांना मदत करावयाची आहे, त्यांनी शस्त्रक्रियेच्या बिलाबरोबर पुढील वर्षांच्या औषधांचाही विचार करावा. ही मदत रकमेने लहान असते, तिचा गाजावाजा होत नाही. परंतु दात्याचे दान तिच्यावरच तगून राहते.

दात्याने एकदा दिले. घेणाऱ्याला ते रोज सकाळ-संध्याकाळ, ठरलेल्या वेळी, पुन्हा स्वीकारावे लागते. ज्या घरात असा रुग्ण असेल, त्या घरातील प्रत्येकाने आज घरी गेल्यावर एवढेच विचारावे, ‘गोळी घेतली का?’